गाडी अजून किती वर्स चालवाची हाये?

“गाडी अजून किती वर्स चालवाची हाये?”

प्रश्न आला तो दुकानाला लागून असलेल्या स्वयंपाकघरातून, पडद्याआडून. कमरुद्दीन मिस्त्रीनं धनराजच्या सुमोचं पुढचं चाक काढलं होतं, झिजलेले ब्रेक पॅड बाहेर ओढले होते आणि डिस्कच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून तो आता तोंड उघडणार, एवढ्यात खुर्शीदानं आतूनच, भाकरी थापता थापता, त्याचा प्रश्न विचारून टाकला.

“घ्या!” कमरुद्दीन म्हणाला. “दुकान माह्यं, नख माह्यं, आन सवाल हिचा.”

“लगन झाल्यापासून तोच सवाल आयकून राह्यली,” आतून आवाज आला. “आता त आपला कोंबडा बी तेच विचारते.”

धनराज टायरवर बसून बिडी पेटवत होता. ब्रह्मपुरी रस्त्यावर सवाऱ्या वाहणारा हा गडी, मूळचा तळ्याकाठच्या ढिवरांचा. बाप जाळं टाकायचा, हा स्टेअरिंग फिरवी. तो हसला आणि म्हणाला, “चालवीन न भाऊ चार-पाच वर्स. पोरीचं लगन होतवर त चालवावंच लागन.”

“मंग डिस्क बदल. पॅडसंगं डिस्क बी.”

विषय संपला. कमरुद्दीनच्या दुकानात यावर घासाघीस होत नसे.

डिस्क म्हणजे चाकामागचं लोखंडी ताट. पॅड त्या ताटाला दोन्हीकडून चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. पॅड झिजले की बदलायचे, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. डोकं लागतं ते ताटाला. ताटही झिजतं, त्याला खाचा पडतात, कडेला ओठ फुटतो. त्या ओठावर नख अडकलं नाही तर ताट राहू द्यायचं. नख मोडायलाच आलं तर ताट भंगारात. भानगड असते ती मधल्या ताटाची. मधल्या ताटावर नुसते नवे पॅड घातले तर वर्ष निघून जातं, पण पुढं जुन्या खाचा नव्या पॅडला खायला लागतात. म्हणून मधलं ताट निघालं की कमरुद्दीन मालकाला विचारी, गाडी अजून किती वर्स चालवाची हाये? वर्षभरात विकायची असेल तर पॅडच. पुढंही चालवायची असेल तर डिस्क. एकदा एकजण म्हणाला, “मिस्त्री, फक्त आवाज बंद करून द्या, गिऱ्हाईक येऊन राह्यलं गाडी पाहाले.” कमरुद्दीननं त्याला चहा पाजला, वर पान खिलवलं आणि गाडी होती तशी ढकलून बाहेर काढून दिली.

पान्याच्या बाबतीत माणूस असा सोवळा. तोंडाच्या बाबतीत मात्र त्याच्याइतका थापाड्या माणूस नागभीडपासून पार सिरोंच्यापर्यंत झाला नाही आणि पलीकडे तेलंगणात झाला असेल तर तो कमरुद्दीनकडूनच शिकून गेला असेल.

तळोधीच्या जंगलातल्या वाघाची गोष्ट तर पोराटोरांना पाठ होती. तरणा कमरुद्दीन ठेकेदाराची जीप घेऊन उतारावरून येतोय, ब्रेक गेलेले, आणि समोर रस्त्यात वाघ बसलेला. कमरुद्दीन ओरडला, “सरक बावा, ब्रेक नाई!” वाघ उठला. त्यानं जीप पाहिली, कमरुद्दीनला पाहिलं, दोन पाय मागं रोवले आणि पुढचे दोन पंजे बंपरला लावून जीप थांबवली. मग घाम पुसत बाजूला झाला आणि निघून गेला.

“आधा!” आतून आवाज यायचा.

हा त्या दोघांचा खेळ होता. खुर्शीदानं “आधा” म्हटलं की कमरुद्दीननं गोष्ट अर्ध्यावर आणायची.

“बरं, घाम नसन पुसला.”

“अजून आधा.”

“बरं, वाघ नव्हता. अस्वल व्हतं.”

“अजून.”

“म्हैस व्हती! पन बसलेली व्हती, हे त खरं हाये!”

आणि पडद्याआडून खुर्शीदाचं हसणं यायचं. ती हसली की तव्यावरची भाकरी आपोआप फुगते, असंही कमरुद्दीन सांगायचा. यावर मात्र खुर्शीदानं कधी “आधा” म्हटलं नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटाला भाकऱ्या कमी झाल्या. खुर्शीदाला अन्न जाईना. शेजारची देवकाबाई तिची मैत्रीण, धनराजचीच मोठी बहीण. दर दोन दिवसांनी टोपलीतल्या ताज्या झिंग्यांचा वाटा तिच्या घरी टाकणारी. ती म्हणाली, “काऊन व खुर्शीदाबाई, नव्या सुनेवानी लाजून जेवते?” तिथं हसून झालं. मग पोट दुखायला लागलं. ब्रह्मपुरीचा डॉक्टर झाला, औषध झालं, गडचांदूरला दिलेली लेक रुबीना येऊन पाहून गेली आणि शेवटी कमरुद्दीन आपली जुनी पांढरी मारुती काढून खुर्शीदाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरनं त्याला एकट्यालाच आत बोलावलं. डॉक्टर भला माणूस होता, कागदावर पेननं पोट काढून गाठ कुठं आहे, कुठवर पसरली आहे, ते समजावून देत होता. कमरुद्दीनला ते सगळं समजलं. न समजण्यासारखं काही नव्हतं. उन्हाळा येईपर्यंत, असं डॉक्टर म्हणाला. पुढच्या हप्त्यात एकदा आणा, दुखणं कमी व्हायचं औषध बदलून देतो, असंही म्हणाला. कमरुद्दीन मान डोलवत राहिला आणि बाहेर येण्याआधी दाराशी उभा राहून त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला, पेट्रोलच्या फडक्यानं ग्रीस पुसतात तसा.

परतीच्या वाटेवर उमरेड मागं पडलं. पुढची सीट मागं झुकवून खुर्शीदा आडवी पडली होती.

“काय म्हणला डाक्टर?”

“डाक्टर?” कमरुद्दीननं खाकरून घसा साफ केला. “डाक्टर म्हणला, मिस्त्री, तुमची बेगम म्हणजे जर्मनीची मशीन हाये. आतडीले सूज हाये थोडी. गोळ्या खा आन वीस वर्स इकडं फिरकू नका. मंग मले म्हणते, बाहेर माही गाडी उभी हाये, जरा आवाज पाहून घ्या. मी म्हणलं, तुमच्या गाडीचा आवाज मी पायतो, तुमी बेगमचा पाहा. बराबरीचा हिशोब.”

खुर्शीदा काचेबाहेर बघत होती. भिवापूरच्या मिरच्यांची लाल अंगणं मागं जात होती.

“आधा,” ती म्हणाली.

“बरं. गाडीचं नाई म्हणला तो.”

“गाडी नाई. वर्स आधे करा.”

“दहा.”

“अजून आधा.”

कमरुद्दीन हसला. “पाच म्हण बापा. तू त बाजारात कांदे घेऊन राह्यली.”

“अजून.”

पुढं एक बैलबंडी होती. कमरुद्दीननं ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकातून लांब, बारीक, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. पॅड संपले होते. दुसऱ्यांच्या पॅडचा आवाज स्टेशनच्या फाटकापासून ओळखणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचे पॅड कधी संपले ते त्याला कळलं नव्हतं.

“पॅड गेले,” तो म्हणाला.

“हो,” खुर्शीदा म्हणाली. तिनं पुढं “अजून” म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी शेडमध्ये घेतली. खुर्शीदाची बाज त्यानंच निंबाच्या सावलीला आणून टाकली होती, म्हणजे तिला आतल्या धुराचा त्रास नको. पहिल्यांदाच ती पडद्याच्या अलीकडे होती. चाक निघालं. पॅड धरणारा कॅलिपर सुटला. पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले. त्यानं अंगठ्याचं नख डिस्कच्या कडेवरून नेलं. नख जरासं अडलं आणि पुढं गेलं.

मधलं ताट.

“गाडी अजून किती वर्स चालवाची हाये?” बाजेवरून आवाज आला. सवयीनंच आला, आवाज पातळ झाला होता, पण थट्टा त्यात तीच होती.

“चालवू न,” कमरुद्दीन म्हणाला. “तुह्या नातवाच्या लगनात वरात याच गाडीतून काढाची हाये. नवरदेव छतावर बसन.”

असं म्हणत म्हणत त्यानं फळीवरून नव्या पॅडचा डबा काढला. पॅड लावले. कॅलिपर बसवला. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं, तिथंही नख फिरवलं, तिथंही पॅड लावले. वरातीतल्या बँडवाल्यांची गोष्ट चालूच होती. पितळी तुतारीत मैना अंडी घालून बसली होती आणि तुतारीवाला फुंकायला घाबरत होता. शेवटचा नट आवळताना त्याच्या लक्षात आलं की बाजेवरून एकदाही “आधा” आलेलं नाही.

त्यानं मान वर केली. खुर्शीदा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

डिस्का नागपूरहून मागवायला लागल्या असत्या, हे खरं. पण दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तो म्हणाला असता, थांब, एस.टी.च्या डायवरजवळ मागवून घेतो, उद्या बसवू. हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात देवकाबाई टोपली घेऊन आली. “काऊन मिस्त्री, आज सोताच्याच गाडीले हात लावला? सूर्य मावळतीले उगवला का?”

“देवका,” खुर्शीदा म्हणाली, “माह्या गाडीले त्याहीनं पॅडच टाकले.”

“मंग बरं झालं न, खर्च वाचला,” देवकाबाई म्हणाली आणि झिंगे निवडायला बसली. तिच्या घरात गाडी नव्हती. ताटाचा आणि वर्षांचा संबंध तिला कुठून माहीत असणार.

कमरुद्दीन हात धुवायला गेला. साबण संपला, वाळू संपली, तरी तो हात धुतच होता.

संध्याकाळी देवकाबाईनं झिंग्यांचं पातळ कालवण करून ठेवलं होतं. त्यातलं दोन चमचे खुर्शीदानं घेतलं आणि वाटी सरकवली.

“अजी, रुबीनाचे अब्बा.”

“हं.”

“घाबरू नका. मी रडत नाई.”

“घाबरतो कोन? मी वाघाले…”

“म्हैस,” ती म्हणाली. “म्हैस व्हती ते.”

कमरुद्दीननं सरकवलेली वाटी उचलून बाजूला ठेवली.

“तुमचं तोंड माह्या संगं किती खोटं बोललं त्याची गिनती नाई,” खुर्शीदा म्हणाली. “मले त्याची आदत हाये. मले ते आवडते बी. पन तुमचा पाना आजवर कोनाच्याच संगं खोटं नाई बोलला. मंग सकाळी मले समजलं.”

“डिस्क नव्हती घरी, खुर्शी. म्हणून…”

“आधा,” ती म्हणाली.

तो उठून बाजेच्या खालच्या अंगाला जमिनीवर बसला. पाठ तिच्याकडे. मोठा मिस्त्री, दांडगा माणूस. खांदे हलत होते, आवाज नव्हता. बाजेवरून एक हात आला आणि त्याच्या डोक्यावरच्या टोपीवर ठेवला गेला.

“एक काम करा,” ती म्हणाली. “एकदा माह्यासाठी पान्याले खोटं बोलू द्या.”

“म्हंजे?”

“डिस्का मागवा. दोन्ही चाकाच्या. कोऱ्या. आन माह्यासमोर बसवा. मी इथी बाजेवर बसते, आन तुमी मले सवाल विचारा. आजवर मीच विचारत आली. तुमी मले कधी विचारलाच नाई.”

डिस्का नागपूरच्या बसनं आल्या. जमलं असतं तर कमरुद्दीननं त्या वाघाच्या पाठीवर घालून आणल्या असत्या, पण बसच आली, आणि तीही उशिरा. कंडक्टरनं खोकं खाली दिलं तेव्हा कमरुद्दीननं ते असं दोन्ही हातांत घेतलं की कंडक्टर म्हणाला, “मिस्त्री, लोखंड हाये, लेकरू नाई.”

बाज शेडच्या तोंडापर्यंत ओढली गेली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात मारलेला असतो. तो पुसल्याशिवाय ब्रेक धरत नाही. खुर्शीदा म्हणाली, “इकडं द्या.” तिनं डिस्क मांडीवर घेतली. पेट्रोलात भिजवलेलं, रुबीनाच्या जुन्या ओढणीचं फडकं घेऊन तिनं ती गोल गोल पुसली, तवा पुसावा तशी. मग अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. नख कुठंच अडलं नाही.

“कोरं हाये,” ती म्हणाली.

कमरुद्दीन समोर उकिडवा बसला होता. हातात पाना होता. आजवर हजार गिऱ्हाइकांना विचारलेला प्रश्न विचारण्याआधी त्यानं तो खाली ठेवला.

“बाई, गाडी अजून किती वर्स चालवाची हाये?”

खुर्शीदानं डोक्यावरचा पदर नीट केला, एखादं श्रीमंत गिऱ्हाईक असल्यासारखा.

“वीस,” ती म्हणाली. “त्याच्यातून एक बी कमी कराचं नाई, मिस्त्री. आधा म्हणलं त दुसऱ्या दुकानात जाईन.”

त्यानं दोन्ही डिस्का बसवल्या. इतक्या सरळ, इतक्या चोख की फिरवलं तर चाक वाऱ्यावर फिरत राहावं. त्याची ती एकच थाप होती, जी त्यानं तोंड न उघडता मारली.

नव्या ताटावर नवे पॅड लगेच बसत नाहीत. आधी मोकळ्या रस्त्यावर गाडी घेऊन थोडी पळवायची, हळूच ब्रेक लावायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा लावायचा. असं पुष्कळ वेळा केलं की दोघांची एकमेकांशी ओळख होते. खुर्शीदा म्हणाली, “मले बी न्या. घोडाझरीले जाऊ.”

देवकाबाईनं धरून तिला सीटवर बसवलं. ऊन उतरायला आलं होतं. घोडाझरीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना धानाची शेतं पिकून पिवळी पडली होती आणि त्यापलीकडे जंगलाची काळी रेघ.

कमरुद्दीननं गाडी जरा वेगात घेतली आणि हळूच ब्रेक दाबला. आवाज नाही. गाडी पाण्यावर टेकावी तशी टेकली.

“एक वर्स झालं,” खुर्शीदा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं.

“चालवा न. एका बिरेकले एक वर्स.”

पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. “दोन वर्स. रुबीनाले पोरगा झाला.” पुन्हा ब्रेक. “तीन. पोरगा तुमच्यासारखा फेकाड्या निंगाला.” पुन्हा. “चार. देवकानं मले झिंगे खाऊ घालून घालून एवढी जाड केली का सीट मोडली.” कमरुद्दीन हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता, आणि रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला त्या थांबत थांबत पळणाऱ्या गाडीकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, बुढा गाडी शिकून राह्यला.

सहाव्या वर्षी नातू शाळेत गेला. आठव्या वर्षी दुकानाचं छप्पर पक्कं झालं. पुढचा ब्रेक लागला तेव्हा खुर्शीदा काही बोलली नाही. तिची मान काचेकडे कलली होती. श्वास चालू होता, थकून झोप लागली होती.

डिस्क नीट बसायला अजून बरेच ब्रेक मारायला हवे होते. कमरुद्दीननं एकही मारला नाही. पुढं गुरं आली तरी त्यानं गिअर उतरवून, गाडी आपोआप हळू होऊ देऊन, कडेकडेनं काढली. घोडाझरीच्या तळ्यावर पोचल्यावर तो चढावर चाक टेकवून थांबला, ब्रेकला पाय न लावता. तळ्यात ढिवरांचे दोन डोंगे होते. जाळं पडल्याचा आवाज आला तेव्हा खुर्शीदानं डोळे न उघडता विचारलं, “कितवं चालू हाये?”

“आठवं,” तो म्हणाला. “आठवंच.”

उन्हाळा यायच्या आधीच ती गेली. रुबीना येऊन चाळिसाव्या दिवसाचं सगळं करून परत गेली. देवकाबाई झिंग्यांचा वाटा घेऊन येत राहिली. मग एक दिवस टोपली दारात ठेवून तीच रडली आणि टोपली तशीच घेऊन गेली. मारुती निंबाखाली उभीच होती. धनराज तिच्यावर ताडपत्री टाकून गेला. कमरुद्दीन त्या गाडीला हात लावत नसे. वाघही त्यानं सोडून दिला होता. कुणी म्हटलं, “कमरुभाऊ, ते जीपवाली सांगा न,” तर तो म्हणायचा, “म्हैस व्हती.” एवढंच.

पुढं पावसाळा झाला, आणि धनराजच्या सुमोचे पॅड पुन्हा वाजायला लागले. सवाऱ्यांची गाडी, त्यात आवाज येत असतानाही महिनाभर दामटलेली; वर्षाची डिस्कही झिजणारच. तो सकाळी शेडमध्ये आला. कमरुद्दीननं जॅक लावला, चाक काढलं, पॅड ओढले आणि नख फिरवलं.

नख जरासं अडलं आणि पुढं गेलं.

तो उकिडवा बसून राहिला. धनराजनं बिडी पेटवली, तिचे दोन झुरके झाले. मग तो म्हणाला, “काय म्हणता भाऊ? पॅडच टाकता, का डिस्क बी बदलता?”

कमरुद्दीनचं तोंड स्वयंपाकघराच्या पडद्याकडे होतं.

“थांब,” तो म्हणाला. “आतून येऊ दे.”

धनराजनं बिडी विझवली. टायर ओढून कमरुद्दीनच्या शेजारी बसला आणि त्यानंही पडद्याकडे तोंड केलं.

बाहेर निंबाखाली ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. सुमोची डिस्क, कमरुद्दीनचा हात लागून, हळूहळू फिरत होती. ती थांबली तरी दोघं बसून होते.